नावाचे भांडवल : 'लेबॅरन' मोटारीचा हिशेब

व्यापाऱ्याच्या जिंदगीत एक बाब अशी असते की, ती रोजमेळात कधी लिहिली जात नाही, खतावणीत तिचे पान नसते, आणि तरीही पेढी दुसऱ्याच्या हवाली करण्याची वेळ आली म्हणजे तिचीच किंमत प्रथम विचारली जाते. ती बाब म्हणजे पेढीचे नाव. वास्तू, शिलकी माल, येणे आणि देणे यांचा आढावा कोणीही हुशार मुनीम दोन दिवसांत काढून देईल. नावाचा आढावा निघण्यास कधी कधी दोन पिढ्या जाव्या लागतात. ज्यांस असा आढावा आरंभापासून अखेरपर्यंत एका ठिकाणी पाहावयाचा असेल, त्यांनी अमेरिकेतील 'क्रायस्लर लेबॅरन' या मध्यम आकाराच्या मोटारीचा इतिहास अवश्य पाहावा. दोन दारांची बंद कूपे आणि तिचीच घडीच्या टपाची उघडी बहीण, जिला तिकडे कन्व्हर्टिबल म्हणतात, या दोन रूपांनी ही गाडी १९८० नंतरच्या दशकात त्या देशात सर्वपरिचित झाली होती.

मोटारींच्या जाणकारांत या गाडीविषयी एक ठराविक निकाल ऐकू येतो. थोर नावाची पाटी स्वस्त मालावर लावली आणि नाव धुळीस मिळविले, असे ते म्हणतात. हा निकाल आम्हांस अर्धाच मान्य आहे. नाव धुळीस मिळाले हे खरे. पण ते स्वस्त मालाने मिळविले, हे मात्र इतिहासाला धरून नाही. किंबहुना या नावाच्या उत्तरायुष्यात त्यास जी थोडीफार प्रतिष्ठा नव्याने मिळाली, ती एका स्वस्त, चार सिलिंडरच्या, उघड्या टपाच्या गाडीनेच मिळवून दिली, असे आमचे मत आहे.

प्रथम नावाचे मूळ पाहू. 'लेबॅरन' या नावाचा कोणी उमराव कधी नव्हता. १९२० साली न्यू यॉर्क शहरात थॉमस हिबर्ड आणि रेमंड डीट्रिक या दोन तरुण आरेखकांनी भागीदारीत एक कचेरी उघडली. दोघेही ब्रूस्टर या जुन्या नामांकित कंपनीत काम केलेले. त्या काळी अमेरिकेतील श्रीमंत गिऱ्हाईक पॅकार्ड किंवा लिंकन कंपनीकडून गाडीचा नुसता सांगाडा आणि यंत्र विकत घेई, आणि वरची बॉडी स्वतंत्र कारागिराकडून अंगाच्या मापाने कपडे शिवून घ्यावेत तशी करवून घेई. या दोघांजवळ ना कारखाना होता, ना यंत्रसामग्री. कागदावर देखणी आरेखने काढून द्यावयाची आणि बांधणी इतरांकडून करून घ्यावयाची, एवढाच त्यांचा व्यवसाय. त्या धंद्यात फ्रेंच नावास वजन होते, म्हणून त्यांनी फ्रेंच वळणाचे एक नाव पसंत केले. थोडक्यात, नावाचे भांडवल आरंभी शून्य होते. ते उसन्या रुबाबावर उभे होते, असे म्हटले तरी चालेल.

तथापि काम इतके चांगले निघाले की, उसना रुबाब लवकरच स्वकष्टार्जित झाला. राल्फ रॉबर्ट्स हे तिसरे भागीदार आले, बॉडी बांधणाऱ्या एका कारखान्याशी संबंध जुळला, आणि लेबॅरनची खूण असलेली गाडी दारात असणे हे ऐश्वर्याचे लक्षण मानले जाऊ लागले. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. हिबर्ड १९२३ साली पॅरिसला निघून गेले आणि डीट्रिक यांनीही १९२५ साली डेट्रॉइटची वाट धरली. दोन्ही संस्थापक गेले, आणि तरी नाव चालले. कारण मागे राहिलेल्यांनी कामाचा दर्जा खाली येऊ दिला नाही. पुढे त्याच दशकाच्या उत्तरार्धात बॉडी बांधणाऱ्या ब्रिग्ज या बलाढ्य कंपनीने हा व्यवसाय विकत घेतला. ब्रिग्जच्या छत्राखाली १९३१ ते १९३३ या वर्षांत क्रायस्लरच्या इंपीरियल गाड्यांवर चढलेल्या लेबॅरन बॉड्या आजही संग्राहक डोक्यावर घेऊन नाचतात. १९४१ साली लेबॅरनने क्रायस्लरसाठी 'न्यूपोर्ट' आणि 'थंडरबोल्ट' या नावांच्या, हातांच्या बोटांवर मोजता येतील इतक्याच, प्रदर्शनी गाड्या बांधल्या. त्यांपैकी न्यूपोर्टने त्या वर्षीच्या इंडियानापोलिसच्या शर्यतीत अग्रभागी धावण्याचा मान मिळविला. थंडरबोल्टचे धातूचे छत विजेच्या शक्तीने मागे सरून पोटात गडप होत असे आणि तिचे दिवे झाकणाआड लपलेले असत. या दोन खुबी वाचकांनी लक्षात ठेवाव्यात. त्या पुढे पुन्हा भेटणार आहेत.

महायुद्धानंतर मापाने शिवलेल्या बॉडीचा धंदा बसला. १९५३ साली क्रायस्लरने ब्रिग्जचे मोटार-बॉडीचे कारखाने विकत घेतले, त्यांबरोबर हे नावही तिच्या पदरात पडले. १९५७ पासून इंपीरियल गाडीच्या सर्वांत महाग प्रतीस 'लेबॅरन' म्हणू लागले. नाव आता कारागिराचे उरले नाही. ते मालाच्या प्रतीचे नाव झाले. मूळ खोट येथेच शिरली, असे आम्हांस वाटते. प्रतीचे नाव कोणत्याही डब्यावर चिकटविता येते. १९७५ साली इंपीरियल बंद पडली तेव्हा नाव रिकामे झाले, आणि १९७७ साली ते एका मध्यम आकाराच्या, बऱ्यापैकी सामान्य अशा क्रायस्लर गाडीवर चढले. आमच्या जाणकारांनी 'के'-गाडीवर ठेवलेला दोष कालक्रमाने पाहिला तर 'के'-गाडीच्या आधीचा आहे.

आता ही 'के'-गाडी काय ते सांगितले पाहिजे. १९७३ च्या तेलटंचाईनंतर मोठ्या, पेट्रोलभक्षक गाड्यांचा बाजार डळमळला. क्रायस्लर त्यात पुरती सापडली. फोर्डमधून जुलै १९७८ मध्ये काढून टाकलेले ली आयकोका त्याच वर्षी नोव्हेंबरात क्रायस्लरमध्ये दाखल झाले. १९६४ ची मस्टँग बाजारात आणणारे म्हणून ते आधीच प्रसिद्ध होते. १९८० साली कंपनीस सुमारे १ अब्ज ७० कोटी डॉलरचा तोटा झाला. अमेरिकेतील कोणत्याही कंपनीस तोवर एका वर्षात इतका तोटा झालेला नव्हता. त्या वर्षी जानेवारीत राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी दीड अब्ज डॉलरपर्यंतच्या कर्जास सरकारी हमी देणाऱ्या कायद्यावर सही केली. येथे पुष्कळांची समजूत चुकते. सरकारने पैसे दिले नाहीत, सरकार जामीन राहिले. कंपनीने प्रत्यक्षात १ अब्ज २० कोटी उचलले आणि १९८३ साली, मुदतीच्या सात वर्षे अगोदर, फेडून टाकले. जामीनकीच्या मोबदल्यात सरकारला शेअर खरेदीचे जे हक्क मिळाले होते, ते विकून सरकारी खजिन्यात ३१ कोटी डॉलरहून अधिक रक्कम आली. आपल्याकडे जामीन राहणारा बहुधा हात पोळून घेतो. असा जामीनदार विरळाच.

ही परतफेड ज्या मालाच्या बळावर झाली, तो माल म्हणजे १९८१ ची 'के' मालिका. पुढच्या चाकांना गती देणाऱ्या, चार सिलिंडरच्या, सहा माणसे बसू शकणाऱ्या साध्या कुटुंबगाड्या. त्याच सांगाड्यावर थोडी उंची गादी, थोडे चकाकते तोंड आणि थोडी अधिक किंमत चढवून १९८२ ची लेबॅरन तयार झाली. एवढ्यावर गोष्ट थांबली असती तर जाणकारांचा निकाल आम्ही निमूटपणे मान्य केला असता. पण त्याच वर्षी कंपनीने एक असे काम केले की, जे अमेरिकेतील कारखानदारांनी सोडून दिले होते.

१९६५ च्या सुमारास अमेरिकेत वर्षास पाच लाखांच्या घरात उघड्या टपाच्या गाड्या बनत. दहा वर्षांत हा आकडा जवळजवळ शून्यावर आला. कारणे अनेक होती. रुंद महामार्गांवर वेग वाढला, आणि वेगाबरोबर वाऱ्याचा त्रास. गाडीत वातानुकूलन आले, त्यामुळे गारव्यासाठी टप उघडण्याची गरज उरली नाही. शिवाय गाडी उलटल्यास माणसे वाचतील असे छत सक्तीचे करणारा कायदा येणार, अशी वदंता कारखानदारांत पसरली होती. १९७६ साली कॅडिलॅक कंपनीने आपली एल्डोराडो ही अमेरिकेतील शेवटची कन्व्हर्टिबल म्हणून जाहीर केली. त्या वर्षीच्या १४ हजार गाड्यांसाठी अशी झुंबड उडाली की, लोक छापील किमतीच्या वर पैसे मोजून त्या घेऊ लागले. कित्येकांनी तर पुढे भाव चढेल या आशेने न वापरता झाकून ठेवल्या. धान्याची साठेबाजी आपण जाणतो, मोटारीची ही तऱ्हा नवीनच. पुढे १९८४ साली कॅडिलॅकनेच पुन्हा कन्व्हर्टिबल काढली, तेव्हा यांतील काही ग्राहक 'शेवटची' या शब्दाचा जाब विचारण्यासाठी न्यायालयात गेले.

अशा ओसाड बाजारात आयकोकांनी एका लेबॅरन कूपेचे छत कापून एक नमुना करवून घेतला आणि तो स्वतः रस्त्यावर काढला. आत्मचरित्रात ते लिहितात की, लोक त्या गाडीचा पाठलाग करून ती कोणाची, कोठे मिळते, असे विचारू लागले. तेव्हा बाजाराची शास्त्रशुद्ध पाहणी करण्याच्या भानगडीत न पडता त्यांनी ती काढण्याचा हुकूम दिला. तीन हजार खपतील असा अंदाज होता, पहिल्या वर्षी तेवीस हजार खपल्या, असेही ते सांगतात. यशस्वी माणसाच्या आत्मचरित्रातील आकडे थोडे हात राखून वाचावेत हे बरे. पण अंदाजाच्या कितीतरी पट खप झाला याविषयी दुमत नाही.

छत कापणे म्हणजे टोपी काढणे नव्हे, हे येथे सांगितले पाहिजे. या गाड्यांत बॉडीखाली वेगळा सांगाडा नसतो. तळ, बाजू आणि छत मिळून एकच पेटी होते, आणि पेटीची ताकद झाकणासकट असते. झाकण काढले की रस्त्याच्या प्रत्येक खाचेसरशी पेटी पिळली जाते, दारे खडखडतात. म्हणून तळास आणि दारांखालच्या तुळयांस जादा पोलादाची पुष्टी द्यावी लागते. हे काम क्रायस्लरने आरंभी आपल्या कारखान्यात केले नाही. 'कार्स अँड कॉन्सेप्ट्स' या मिशिगनमधील कंपनीकडे तयार कूपे सोपवावयाच्या, आणि तिने त्यांची कन्व्हर्टिबल करून द्यावयाची, अशी व्यवस्था होती. नव्या यंत्रसामग्रीत कोट्यवधी न गुंतविता, कर्जात बुडालेल्या कंपनीने बाजाराची खोली काठीने मोजून पाहिली. खप दिसल्यावर मग काम स्वतःकडे घेतले. हा बेत आम्हांस सर्व इतिहासात सर्वांत शहाणपणाचा वाटतो.

आणि आता आमच्या मुद्द्यावर येऊ. त्याच वर्षी ब्यूइकनेही रिव्हिएरा ही उघडी गाडी काढली होती. तिची किंमत लेबॅरनच्या दुपटीच्या आसपास, आणि संख्या अगदी थोडी. लेबॅरन कन्व्हर्टिबल शाळामास्तरास वा दुकानदारास हप्त्याने घेता येई. यंत्र अशक्त, चाल बेताची, आतील लाकूड खोटे. हे सर्व खरे. १९८३ च्या 'टाउन अँड कंट्री' प्रतीवर तर बाहेरूनही लाकडाच्या नकलेचे पत्रे चिकटविलेले होते. युद्धोत्तर काळातील त्याच नावाच्या गाडीस खरे लाकूड होते, म्हणून ही नक्कल जाणकारांच्या डोळ्यांत खुपे. १९८७ च्या एका गाजलेल्या विनोदी चित्रपटात अशीच एक हिरवी लेबॅरन जळून कोळसा होते आणि तरी नायक तीच हाकीत पुढे जातात. प्रेक्षक पोट धरून हसले. पण ज्या गाडीची थट्टा सारा देश समजतो, ती गाडी सारा देश ओळखतो. १९२० च्या लेबॅरनने धनिकास त्याच्या मापाचे काही करून दिले. १९८२ च्या लेबॅरनने सामान्यास, त्याला हवे असूनही कोणी देत नव्हते ते दिले. दोन्ही ठिकाणी नावाने दुसऱ्याकडे न मिळणारी वस्तू पुरविली. म्हणून स्वस्तपणा हा गुन्हा आम्ही मानीत नाही. कंपनी वाचली ती साध्या 'के'-गाड्यांनी आणि १९८४ च्या छोट्या व्हॅनने, हे उघड आहे. उघडी लेबॅरन ही दुकानाच्या काचेतील पैठणी होती. ती पाहून आत आलेले गिऱ्हाईक बहुधा नेसणीचे लुगडे घेऊन जाई. मात्र ही पैठणीही खपली, एवढा फरक.

मग नाव बुडाले कशाने? १९८७ साली कूपे आणि कन्व्हर्टिबल यांस नवा घाट मिळाला: निमुळते अंग, तोंडाशी धबधब्यासारखी खाली येणारी जाळी, आणि झाकणाआड लपणारे दिवे. १९४१ च्या थंडरबोल्टची ती खूण, जाणून असो वा नकळत, पुन्हा उगवली. ही गाडी खरोखर देखणी होती आणि काही वर्षे अमेरिकेत अधिकात अधिक खपणाऱ्या उघड्या गाड्यांत तिची गणना होई. परंतु त्याच वर्षी क्रायस्लरच्या दुकानात 'लेबॅरन' मागणाऱ्यास उलट प्रश्न येई, कोणती? 'के' सांगाड्यावरची चौकोनी, चार दारांची जुनी सेडान लेबॅरन होती. दुसऱ्याच सांगाड्यावरची, मागून उघडणारी 'जीटीएस' लेबॅरन होती. आणि ही नवी देखणी जोडीही लेबॅरनच. तीन निराळ्या गाड्या, नाव एक. आपल्याकडील जुन्या दुकानांवर 'आमची कोठेही शाखा नाही' अशी पाटी असते आणि शहाणे लोक तिला हसतात. भाऊबंदांत वाटणी होताना गोदाम तुटते, उधारी तुटते, दागिने तुटतात, नाव मात्र प्रत्येक जण सगळेच्या सगळे घेऊन जातो. तेव्हा त्या पाटीतील काकुळती समजते. क्रायस्लरमध्ये भाऊबंदकी नव्हती. तिने आपली वाटणी आपणच करून घेतली.

यावर कडी झाली ती 'टीसी' गाडीने. इटलीतील मॅसेराटीशी भागीदारी करून मिलान येथे एक महाग, दोन आसनी, उघडी गाडी बांधावयाची असा बेत होता. काम लांबत गेले आणि गाडी १९८९ साली आली, तोवर तोंडवळ्याने तिच्यासारखीच दिसणारी लेबॅरन दोन वर्षे रस्त्यावर धावत होती. टीसीची किंमत तीस हजार डॉलरच्या वर, लेबॅरन कन्व्हर्टिबलची जवळपास निम्मी. गिऱ्हाईक दोन्हींकडे पाही आणि निम्मे पैसे खिशात ठेवी. तीन वर्षांत ७,३०० गाड्या बांधून टीसी बंद झाली. क्रायस्लरच्या पंचकोनी ताऱ्यात मॅसेराटीचा त्रिशूळ बसविलेले तिचे बोधचिन्ह हीच काय ती तिची शान राहिली.

नावाच्या या उलाढालीचा एक उलटा नमुना आपल्या घरच्या इतिहासातही सापडतो, आणि त्याचा क्रायस्लरशी थेट संबंध आहे. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी मोटारींच्या कारखान्यासाठी याच कंपनीचे सहकार्य मिळविले. १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना झाली आणि १९४७ पासून कुर्ल्यास गाड्या तयार होऊ लागल्या. प्रीमियरचे मालट्रक डॉज, डिसोटो आणि फार्गो अशा तीन नावांनी धावत. तेथे एक वस्तू आणि नावे तीन. अमेरिकेत नाव एक आणि वस्तू तीन. प्रीमियरने पुढे फियाट कंपनीच्या सहकार्याने मोटार काढली, आणि १९७० नंतरच्या दशकात तिचे नाव बदलून 'पद्मिनी' ठेवले. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून शेवटची पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली, तोपर्यंत लोक तिला फियाटच म्हणत राहिले. नाव कोणाच्या मालकीचे असते याविषयी कायद्याचे मत काही असो, बाजाराचे मत हे असे असते.

लेबॅरनची अखेर निरोपाच्या समारंभाशिवाय झाली. १९९० मध्ये आणखी एक सेडान त्या नावाने आली. १९९३ साली कूपे बंद झाली, आणि झाकणाआडचे दिवेही त्याच वर्षी गेले. १९९४ साली सेडान गेली. एकटी कन्व्हर्टिबल १९९५ पर्यंत तग धरून होती. याच गाडीने नावास दुसरा जन्म दिला होता, आणि शेवटपर्यंत गिऱ्हाईक टिकविले तेही तिनेच. तिची जागा घेणाऱ्या १९९६ च्या कन्व्हर्टिबलवर कंपनीने लेबॅरन हे नाव ठेवले नाही. फ्लॉरिडातील शर्यतीच्या गावावरून 'सेब्रिंग' हे नवे नाव दिले. गिऱ्हाईक तेच, हौस तीच, पण जुने नाव इतके पातळ झाले होते की, मालकासच त्याची अडचण वाटू लागली.

नव्या नावाचे तरी काय केले? सेब्रिंग कूपे मित्सुबिशीच्या बनावटीची, इलिनॉय राज्यात बांधलेली. सेब्रिंग कन्व्हर्टिबल क्रायस्लरच्या बनावटीची, मेक्सिकोत बांधलेली. दोघींत नावाखेरीज फारसे साम्य नव्हते. २००१ साली चार दारांच्या सेडानलाही तेच नाव चिकटविले. २००८ च्या कन्व्हर्टिबलला धातूचे घडी होणारे छत घेण्याची सोय झाली, म्हणजे थंडरबोल्टची दुसरी खूणही सदुसष्ट वर्षांनी परत आली. पण तोवर सेब्रिंग म्हटले की भाड्याने मिळणारी गाडी एवढाच अर्थ लोकांच्या मनात उरला होता. २००९ साली कंपनीचे दिवाळे निघाले आणि सूत्रे फियाटकडे गेली. २०११ साली त्याच गाडीस डागडुजी करून नाव दिले '२००', नुसता आकडा. तिची कन्व्हर्टिबल २०१४ साली थांबली. लेबॅरन हे नाव मात्र १९९५ नंतर कंपनीने एकाही गाडीवर लावलेले नाही.